ताईचा आठवडा, दाजींची शिफ्ट आणि एआय: आठ आठवड्यांचं एक प्रकरण

सुरुवातीलाच सांगतो, एआयमुळे आयुष्य बदललं वगैरे टाइपचं हे नाहीये. माझ्या मोठ्या बहिणीचा आठवडा एआयकडून प्लॅन करून घ्यायचा असं आम्ही ठरवलं, आठ आठवडे ते केलं, त्यात काय फसलं आणि काय चाललं ते जमेल तेवढं सविस्तर लिहितोय. कुठला एआय वापरला ते मुद्दाम लिहीत नाही, दोन-तीन वापरून बघितले आणि चुका सगळ्यांच्या एकाच जातीच्या होत्या.

आधी परिस्थिती. ताई अकाउंट्समध्ये फुल टाइम नोकरी करते, म्हणजे महिन्याचे शेवटचे तीन दिवस आणि पुढच्या महिन्याचे पहिले दोन दिवस तिच्याशी कोणी बोलायचं नसतं. दोन पोरं, मोठा चौदाचा, धाकटी आठची. आई तिच्याकडेच असते आणि आईचं डायलिसिस चालू आहे, मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळी ११ ते दुपारी ३. दाजी फिरत्या शिफ्टमध्ये, शनिवार धरून सहा दिवस, आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलते, फर्स्ट ६ ते २, सेकंड २ ते १०, नाइट १० ते ६. त्यात ताईने प्रमोशनसाठी एक ऑनलाइन कोर्स घेऊन ठेवलेला, आठवड्याला सहा तास लागतील असं कोर्सच्या माहितीत लिहिलेलं. मंगळवार आणि गुरुवार ऑफिसने घरून काम मान्य केलंय, बाकी तीन दिवस जाणं-येणं.

मला वाटायचं कामं जास्त आहेत म्हणून गोंधळ होतो. पण कामं कितीही असली तरी ती ठरलेली असली की माणूस निभावून नेतो, इथे भानगड ही होती की कुठलाच आठवडा मागच्यासारखा नसायचा. दाजी फर्स्टला असले की आईला नेऊ शकत नाहीत पण आणू शकतात, सेकंडला असले की नेऊ शकतात पण आणू शकत नाहीत, नाइटला असले की कागदावर दोन्ही करू शकतात पण मग झोपणार कधी. हे चक्र तीन आठवड्यांचं, ताईचं मंथ-एंडचं चक्र महिन्याचं, दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे भिंतीवर चिकटवलेलं प्रत्येक टाइमटेबल दुसऱ्या आठवड्यात रद्दी. दर रविवारी रात्री ताई आणि दाजी बसून "मंगळवारी कोण, गुरुवारी कोण" करायचे आणि त्यात एखादी गोष्ट हमखास सुटायची, मग बुधवारी फोनाफोनी.

मी कॉम्प्युटरवाला भाऊ, म्हणून मी म्हटलं थांब ताई, मी करून देतो. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

पहिल्या रविवारी मी जे केलं ते बहुतेक सगळे करतात. एक ओळ टाकली की नोकरी करणारी आई आहे, दोन मुलं, घरात पेशंट, आठवड्याचं टाइमटेबल बनवून दे. दहा सेकंदांत इतका सुंदर तक्ता आला की मी खुश. सकाळी ५:३० ला उठून ध्यान, ५:५० ला डायरी, ६:१० ला व्यायाम, संध्याकाळी कुटुंबासोबत गुणवत्तापूर्ण वेळ, रात्री १० वाजता स्क्रीन बंद. ताईने वाचलं आणि विचारलं, "ही बाई कोण आहे रे?" सोमवारी सकाळी पावणेअकरापर्यंत तो तक्ता मोडला आणि नंतर कोणी उघडलाच नाही.

चूक एआयची नव्हती, त्याला काही सांगितलंच नव्हतं. ही मॉडेल्स शब्दापुढे शब्द लावत जातात, आणि माहिती नसली की जगात जे सर्वात जास्त वेळा लिहिलं गेलंय तेच लावतात. टाइमटेबल म्हटलं की इंटरनेटवर पहाटे उठून ध्यान करणारे लोकच लिहून गेलेत, नाइट शिफ्ट करून आलेला नवरा आणि मंथ-एंड असलेली बायको यांनी कुठे लिहून ठेवलंय. त्यांना वेळच नाही.

दुसऱ्या आठवड्यात ताईला म्हटलं, तू लिहू नको, बोल. तिने रात्री भांडी आवरताना सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज केला, त्यात आठवड्याचं सगळं आलं, अधेमधे पोरांवर ओरडणं पण आलं. ते टेक्स्टमध्ये करून एआयला दिलं. आणि मान्य करायला पाहिजे, इथे मी चाट पडलो, कारण त्या गिचमिडीतून त्याने एकूण ४१ गोष्टींची लिस्ट काढली, वार, वेळ, कोणी करायचं, किती वेळ लागेल अशा रकान्यांत. मला एक तास लागला असता आणि मी वैतागलो असतो. माणूस जसा बोलतो तसं ऐकून त्यातून कामं वेगळी काढायची हा भाग त्याला खरंच येतो.

पण मांडणी करायला लागला की गडबड. पहिला घोळ मराठीचाच. ताई म्हणाली होती "हे पावणेतीनला घरी येतात", त्याने धरलं ३:४५, म्हणजे तीन अधिक पाऊण, मग त्याच्या हिशोबात आईला आणायला दाजी पोचूच शकत नव्हते आणि ते काम परत ताईच्या गळ्यात. दुसरं म्हणजे "परवा". ताईचं वाक्य होतं, "परवा शाळेत गेले होते, टीचरनी परवा परत बोलावलंय." आपल्याला यात काही अडत नाही, पहिला परवा गेलेला आणि दुसरा येणारा, पण त्याने दोन्ही एकाच दिवशी टाकले. तिसरं, तारीख एक आणि वार दुसराच, कारण आज कुठला दिवस हे मॉडेलला स्वतःहून माहीत नसतं, ॲपने आतून सांगितलं तरच कळतं, आणि कळलं तरी पुढचे वार मोजताना घसरतो. त्यानंतर नियमच केला की वेळ आकड्यात लिहायची, १४:४५, आणि प्रत्येक नोंदीत तारीख आणि वार दोन्ही द्यायचे. बोलताना ताई पावणेतीनच म्हणते, मी बदलतो.

आणि मग दाजींची नाइट. त्या आठवड्यात त्याने मंगळवार आणि गुरुवारची दोन्ही कामं, नेणं आणि आणणं, दाजींना देऊन टाकली आणि वर लिहिलं की हे सर्वात संतुलित वाटप आहे. तर्क बरोबर, शिफ्ट १० ते ६, दिवसभर माणूस मोकळा! सकाळी ७ ला घरी आलेला माणूस १०:१५ ला गाडी काढणार आणि परत ३ ला जाणार आणि रात्री १० ला परत मशीनवर उभा राहणार. हे आम्हाला सांगायचं सुचलं नव्हतं कारण आमच्यासाठी ते सांगायची गोष्टच नाही. दाजींनी मात्र तो तक्ता बघून एवढंच विचारलं, "मला झोप लिहिलेली दिसत नाही कुठे."

याहून जास्त काळजीची चूक अशी की ताईचा शनिवार फार भरलाय म्हणून त्याने डायलिसिस रविवारवर सरकवलं. आपण मीटिंग ढकलतो तसं. आठवड्यात तीन सेशन म्हटली की एक गॅप मुळातच लांब असतो, आमच्या बाबतीत शनिवार ते मंगळवार, आणि त्याच गॅपमध्ये पाणी आणि खाणं सांभाळा असं डॉक्टर दर वेळी बजावतात कारण अंगात पाणी आणि पोटॅशियम साठत जातं. त्याने जे सुचवलं त्यात गुरुवार ते रविवार असा अजून एक लांब गॅप त्याच आठवड्यात तयार झाला असता. तारखांच्या चौकटीत बघितलं तर ती फक्त एक नोंद आहे, चार तासांची. ताईने ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली की हे परत दिसलं तर मी बंद करणार.

तिथून आम्ही प्रत्येक गोष्टीला जात लावली. खुंटा म्हणजे जे हलत नाही, मेलो तरी हलत नाही. सुटं म्हणजे आठवड्यात व्हायला पाहिजे पण कधीही. आणि तिसरं सोडता येईल, म्हणजे नाही झालं तर आभाळ कोसळत नाही. ताईने पहिल्या फेरीत ४१ पैकी ३३ गोष्टींना खुंटा लावला. मी काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात तिनेच त्यातले १९ काढले.

तिसऱ्या रविवारपासून पद्धत उलटी केली आणि हा बदल मला सगळ्यात कामाचा वाटतो. एआयला सांगितलं, प्लॅन बनवू नकोस, आधी तुला जे कळलेलं नाही ते विचार, एका वेळी एक. त्याने १४ प्रश्न विचारले. काही फालतू होते, तुमचं दीर्घकालीन ध्येय काय वगैरे, ताईने उत्तर दिलं "शनिवार". पण काही असे होते की आम्हीच एकमेकांकडे बघत बसलो. डायलिसिस ३ ला संपतं म्हणजे नक्की किती वाजता आई गाडीत बसते? आम्ही इतके दिवस ३ च धरत होतो आणि दर वेळी उशीर झाला की चिडत होतो. प्रत्यक्षात सुया काढल्यावर ती जागा दाबून धरायची, रक्त थांबलं की बघायचं, बीपी बघायचं, आईला उठल्यावर गरगरतं म्हणून जरा बसवायचं, या सगळ्यात तीस-चाळीस मिनिटं सहज जातात आणि ती दर वेळी जातात, कधीतरी नाही. म्हणजे ३:१५ ला ताईची जी मीटिंग लागलेली असायची ती कधीच वेळेवर होणार नव्हती.

यावरून आम्ही दोन आठवडे एक कंटाळवाणं काम केलं, खरे वेळ मोजले. सगळ्याचे नाही, फक्त दहा गोष्टींचे. ताई मनातल्या मनात आईला नेऊन सोडणं ४५ मिनिटांचं धरायची, निघालं ८० मिनिटं. धाकटीचा अभ्यास अर्धा तास, निघाला ५० मिनिटं. उलट ज्याची तिला धास्ती होती ते खर्चाच्या पावत्या भरायचं काम दोन तासांचं वाटायचं ते ४० मिनिटांत झालं. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस बहुतेक वेळा कमीच धरतो, यावर डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच लिहिलंय, आणि १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन, रॉस या तिघांनी शोधनिबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा त्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, सगळंच वाईट झालं तर किती लागतील याचा अंदाज साधारण ४८.६ दिवस, आणि प्रत्यक्षात लागले ५५.५. वाईटातल्या वाईट अंदाजाच्याही पुढे. त्यामुळे सरसकट दीडपट करा या सल्ल्यापेक्षा मोजलेला आकडा द्या, कारण एआय स्वतःच्या मनाने अंदाज करतो तेव्हा तो आपल्यापेक्षाही आशावादी असतो. जाण्या-येण्याला तर शून्य मिनिटं. १० ला एक ठिकाण संपलं की १० ला दुसरं सुरू, जणू ताई दरवाजातून थेट दुसरीकडे निघते.

मोजलेल्या आकड्यांवर मग आठवड्याचा हिशोब मांडला. आठवड्यात १६८ तास. झोप रोज साडेसहा धरली, ४५.५. ऑफिस ४५. तीन दिवसांचं जाणं-येणं ६. आईचं नेणं-आणणं आणि शनिवार मिळून सरासरी १०. मुलांचं १४. स्वयंपाक आणि घर २१. स्वतःचं आवरणं आणि जेवणं १४. कोर्स ६. बेरीज १६१.५, उरले साडेसहा तास, म्हणजे दिवसाला ५५ मिनिटं. एआयने पहिल्यांदा साडेनऊ उरतात असं सांगितलं होतं, मोठ्या आत्मविश्वासाने, मी स्प्रेडशीटमध्ये टाकलं तेव्हा कळलं. बेरीज त्याच्याकडून तोंडी करून घेऊ नका, कोड चालवून करायला सांगा नाहीतर स्वतः करा.

आता साडेसहा तास उरतात म्हणजे बसतंय की, असं वाटतं. तेच फसवं आहे. रांगांचं एक साधं गणित आहे, एकच काउंटर, लोक कधीही येणार, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त. काउंटर निम्मा वेळ बिझी असेल तर रांगेत सरासरी थांबावं लागतं एका कामाइतकं. ८० टक्के बिझी असेल तर चार कामांइतकं. ९० ला नऊ, ९५ ला एकोणीस. ताईचा आठवडा ९६ टक्के भरलेला. घर म्हणजे काही काउंटर नाही आणि हे गणित तंतोतंत लागू होत नाही, ते मला पण कळतं, पण दिशा तीच आहे, धाकटीला ताप आला किंवा डायलिसिसचं मशीन उशिरा मोकळं झालं की एक तासाचा धक्का तीन दिवस पुढे का जातो ते यातून कळतं. कमी पडत होती ती मोकळी जागा, आणि मी तिला अजून कामं कशी बसवता येतील ते दाखवत होतो.

मग एआयला सांगितलं, मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री एकेक तास रिकामा ठेव. तो ठेवायचा आणि त्यात लिहायचा, "येथे आपण हलका फेरफटका मारू शकता." पुढच्या वेळी "येथे कोर्सचा आढावा घेता येईल." त्याला रिकामी चौकट सहनच होत नाही. शेवटी नियमात लिहिलं: रिकामं म्हणजे रिकामं, त्यात काहीही सुचवू नये, कौतुकही लिहू नये.

नियमांचा हा कागद आम्ही हळूहळू बनवला आणि आता तो एका पानाचा आहे. जवळपास असा:

"घरात कोण: ताई, दाजी, आई, मोठा, धाकटी. या आठवड्यात दाजींची शिफ्ट ___. नाइट असेल तर ७:३० ते १४:०० झोप, हा खुंटा आहे, मोकळा वेळ नाही. आई मं-गु-श ११:०० ते १५:००, गाडीत बसायची वेळ १५:४०, हे कोणत्याही कारणाने हलवू नये. नेणं ८० मिनिटं, आणणं ७० मिनिटं. ताईची कोणतीही मीटिंग मं-गु १६:३० च्या आधी नको. मंथ-एंड असेल तर कोर्स शून्य. ज्या गोष्टी बसत नाहीत त्या कोंबू नये, खाली 'बसलं नाही' म्हणून लिहाव्यात. शेवटी नोंदी मोजून सांगाव्यात."

हा कागद दर रविवारी नवीन चॅटमध्ये पेस्ट करतो. आधी एकच चॅट पुढे पुढे चालवत होतो, सोयीचं वाटायचं, पण चॅट लांबली की सुरुवातीचे नियम निसटायला लागले आणि चौथ्या आठवड्यात दाजींची झोप परत गायब. जुना पसारा नको, कागद आणि या आठवड्याचा व्हॉइस मेसेज एवढंच.

"बसलं नाही" ही यादी हा प्रकरणातला दुसरा मोठा बदल. त्याआधी तो सगळं बसवून दाखवायचा, जमेल का विचारलं की हो नक्की जमेल. ही मॉडेल्स समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्याकडे झुकतात, त्यामुळे जमेल का हा प्रश्नच चुकीचा. आम्ही विचारायला लागलो, हा प्लॅन मोडला तर कुठे मोडेल, तीन जागा सांग. हे मात्र तो छान सांगतो. एकदा त्याने दाखवलं की गुरुवारी दाजी सेकंडला निघाल्यावर आणि ताईचा कॉल संपायच्या आत वीस मिनिटं अशी आहेत की धाकटीला शाळेतून घ्यायला कोणीच नाही. ते खरं होतं. आणि तो गुरुवार दर तीन आठवड्यांनी येत होता, आम्ही दर वेळी शेजारच्यांना पळवत होतो आणि दर वेळी आश्चर्य करत होतो.

कोर्सचं थोडक्यात सांगतो. त्याने सहा तासांचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून जिथे फट दिसेल तिथे घातले, डायलिसिसला बसल्या बसल्या, मीटिंगच्या आधी, भात शिजेपर्यंत. कागदावर सहा तास भरले, डोक्यात काही गेलं नाही. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेलं की लक्ष मागेच रेंगाळतं, सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये त्याला नाव पण दिलंय, पण ताईला नावाची गरज नव्हती, ती म्हणाली मी पहिली पाच मिनिटं कुठे होते हेच शोधते. आता दीड तासाचे दोन तुकडे, बुधवारी रात्री आणि रविवारी सकाळी, एकूण तीन तास, आणि कोर्सला मुदत वाढवून घेतली. मंथ-एंडला शून्य. एवढंच बसतं.

प्लॅन फोनमध्ये कसा टाकायचा यावर माझे दोन रविवार गेले. एआय कॅलेंडरची आयसीएस फाइल लिहून देतो, हा जुना फॉरमॅट आहे, १९९८ चा, २००९ मध्ये सुधारून आलेला, जवळपास सगळी कॅलेंडर ॲप्स तो वाचतात. पण वेळेच्या शेवटी झेड अक्षर आलं की ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरली जाते आणि सगळं काही तास सरकून बसतं, आमचं पहिल्यांदा तसंच झालं, आईचं डायलिसिस संध्याकाळी. दुसरं म्हणजे दर आठवड्याला नवी फाइल टाकली की जुन्या नोंदी राहतात, प्रत्येक गोष्ट दोनदा दिसायला लागली. यावर सोपा उपाय, प्लॅनसाठी एक वेगळं कॅलेंडर बनवायचं, रविवारी ते पूर्ण रिकामं करायचं आणि मग नवीन फाइल टाकायची. खऱ्या अपॉइंटमेंट दुसऱ्या कॅलेंडरमध्ये, तिकडे एआयचा हात लागत नाही.

थेट ताईचं कॅलेंडर आणि मेल जोडून दिलं तर हे सगळं वाचलं असतं, बरोबर आहे. पण २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं होतं की कॅलेंडरच्या आमंत्रणात लपवलेल्या सूचना वाचून गूगलचं जेमिनी भलतंच काही करून बसू शकतं. त्यावर कंपनीने उपाय केले असं सांगितलंय, ठीक आहे. तरी जिथे आईच्या तब्येतीची आणि मुलांच्या शाळेची माहिती आहे तिथे मी चावी देणार नाही. एआयला आईचं नाव, हॉस्पिटल, पेशंट नंबर यातलं काहीच दिलेलं नाही. मं-गु-श ११ ते १५, एवढं पुरतं त्याला.

मधल्या आठवड्यातला बदल हा खरा कस. पाचव्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी सेंटरवरून फोन, उद्या मशीन उशिरा मोकळं होईल, १२:३० ला या. पूर्वी इथून रात्री साडेदहापर्यंत फोन चालायचे. ताईने एआयला सांगितलं, गुरुवारी दीड तास उशीर, नवीन प्लॅन दे. त्याने अख्खा आठवडा नव्याने लिहून काढला! शनिवारसुद्धा. आणि त्या नव्या प्लॅनमध्ये शुक्रवारची मोठ्याच्या शाळेतली पालक मीटिंग गुपचूप गाळलेली. विचारलं तेव्हा माफी मागितली आणि परत घातली, पण विचारलंच नसतं तर? तेव्हापासून वाक्य ठरलंय: फक्त गुरुवार आणि शुक्रवार बघ, जास्तीत जास्त तीन गोष्टी हलव, काय हलवलं ते सगळ्यात वर लिही, बाकीला हात लावू नकोस. आणि नोंदी मोजायच्या, ४१ आत गेल्या तर ४१ बाहेर आल्या पाहिजेत. या वाक्याने मात्र काम फत्ते होतं, दोन मिनिटांत उत्तर येतं आणि बहुतेक वेळा ते शहाणं असतं.

खरं सांगायचं तर अशी मांडणी करणं हे या मॉडेलचं मूळ काम नाहीच. कामं आणि माणसं वेळेत बसवणं हा कॉम्प्युटर सायन्समधला जुना अवघड प्रश्न आहे, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर असतात जे अटी मोडतच नाहीत. हा अटी मोडतो आणि मोडल्याचं सांगत नाही. सहा फेऱ्या आणि दोन माणसं हे कोडं ताई पेन्सिलने सोडवू शकते, सोडवतच होती. तिला जे जमत नव्हतं ते म्हणजे रविवारी रात्री थकलेल्या डोक्याने ४१ गोष्टी एकदम समोर ठेवणं. ते याने केलं.

आता तो शनिवार. सहाव्या आठवड्यात "बसलं नाही" यादीत सलग तिसऱ्यांदा तीच गोष्ट आली, ताईची झोप. मंथ-एंड आणि दाजींची नाइट एकत्र आले होते. ताईने विचारलं, यातलं माझ्याशिवाय दुसरं कोणी काय करू शकतं. त्याने यादी दिली, त्यात पहिल्या नंबरवर: शनिवारचे सहा तास, आईसोबत जाणं, बसणं, आणणं. पुढे लिहिलं होतं, यासाठी कुटुंबातील अन्य सदस्य उपलब्ध आहे का?

ताईने ते मोठ्याने वाचलं. मी तिच्या समोरच बसलो होतो, लॅपटॉप माझ्याच मांडीवर. नियमांच्या कागदाच्या पहिल्या ओळीत घरात कोण कोण ते मीच लिहिलं होतं आणि त्यात मी नव्हतो. सहा आठवडे मी दर रविवारी येऊन तीन तास प्लॅन दुरुस्त करत होतो. ती काही म्हणाली नाही, आई पण काही म्हणाली नाही, दाजींनी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

आता कागदावर ओळ वाढली आहे: मामा, शनिवार १०:०० ते १६:३०, खुंटा. हे प्रकरण पण मी तिथेच बसून दोन शनिवारांत लिहिलंय, आई झोपलेली असते, मशीनचा आवाज चालू असतो. रविवारचं प्लॅनिंग २५ मिनिटांवर आलंय आणि ते ताई स्वतःच करते, मला फक्त फाइल टाकायला फोन येतो. आठव्या आठवड्यात ४१ पैकी पाच गोष्टी झाल्या नाहीत, त्या पाचही सोडता येईल या जातीतल्या होत्या. दर तीन आठवड्यांनी येणारा तो वीस मिनिटांचा गुरुवार अजून सुटलेला नाही, शेजारच्यांना आता आधी सांगतो एवढंच.

परवा, म्हणजे गेलेल्या परवा, एआयने ताईला विचारलं की शनिवारी ११ ते ३ आपण मोकळ्या दिसता, तिथे कोर्सचा तिसरा भाग टाकू का. तिने मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली तिचं उत्तर होतं, एकच शब्द, "नाही", आणि वेळ दुपारची १:५२, म्हणजे झोपेतून उठूनच दिलेलं असणार.